चार तास दहा मिनिटांची स्थळपाहणी

आमदार लालासाहेब पुकळे विधानसभेत बोलायला उभे राहिले की त्यांचा उजवा हात आपोआप खांद्याकडे जाई आणि उपरण्याचा पदर शोधी. खांद्यावर उपरणं नसे, नेहरू जाकीट असे. वीस वर्षं गावोगाव कीर्तनं केलेला तो हात. पहिल्याच खेपेला मिळालेली आमदारकी त्याला अजून नीट कळलेली नव्हती.

मार्चमधल्या त्या दिवशीही हात खांद्याकडे गेला, काही सापडलं नाही म्हणून खाली आला आणि समोरच्या छापील कागदावर टेकला. कागदावर लालासाहेबांचा तारांकित प्रश्न होता आणि त्याखाली सरकारचं उत्तर. खटाव तालुक्यातल्या पिंपळओढा गावचं आरोग्य उपकेंद्र बांधून पूर्ण झाल्यापासून सहा वर्षं कुलूपबंद आहे, हे खरे आहे काय? उत्तर होतं, ‘अंशतः खरे आहे.’ असल्यास, रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? ‘हे खरे नाही.’ विलंबाची कारणे काय? ‘प्रश्न उद्भवत नाही.’

लालासाहेब म्हणाले, “अध्यक्ष महाराज, मी परवाच बघून आलोय. कुलूप पूर्ण आहे. अंशतः काही असेल तर ते दार आहे, खालून कुजलंय.”

सभागृह हसलं. हसू आलं की कीर्तनकाराला चेव येतो. लालासाहेबांनी गळा साफ केला आणि दधीची ऋषींनी देवांच्या कामासाठी आपली हाडं कशी दिली, ती कथा सुरू केली. ती इंद्रापर्यंत पोचते न पोचते तोच अध्यक्षांनी घंटी वाजवली आणि सन्माननीय सदस्यांनी प्रश्न विचारावा, निरूपण करू नये, असं सौम्यपणे सांगितलं. लालासाहेबांनी लगेच दोन्ही हात जोडले. आयुष्यात त्यांचं कीर्तन कुणी मधेच थांबवलं नव्हतं. पण घंटी वाजली की हात जोडायचे, हे अंगात मुरलेलं होतं.

मग त्यांनी प्रश्न विचारला, आणि तो खरोखरच एखाद्या आख्यानासारखा होता.

पिंपळओढ्याचे दादासो, आता देवाघरी गेलेले, मेंढरं राखणारा साधा माणूस. त्यांनी आपली ओढ्याकाठची पाच गुंठे जागा दवाखान्यासाठी सरकारला बक्षीसपत्र करून दिली. त्याआधी कधीतरी त्यांनी सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या सोनकिरण शेळी-मेंढी पतसंस्थेकडून शेळ्यांसाठी कर्ज काढलं होतं आणि हीच जागा गहाण ठेवली होती. कर्ज फिटलं. फिटल्याचा दाखलाही दादासोंनी देव्हाऱ्यात जपून ठेवला. पण सातबाऱ्यावरचा गहाणाचा बोजा उतरवायचा राहिला आणि तेवढ्यात संस्था बुडाली. इमारत झाल्यावर आरोग्य खात्याच्या लक्षात आलं की जागेवर बोजा आहे. बोजा असलेल्या जागेचा ताबा घेता येत नाही. बोजा उतरवायला संस्थेचं पत्र लागतं. संस्था तर उरलीच नाही. उरला होता तिचा अवसायक, म्हणजे बुडालेल्या संस्थेची आवराआवर करायला नेमलेला अधिकारी. तो बसायचा सांगलीत. सांगलीचं म्हणणं, जागा साताऱ्याची आहे, तिथं विचारा. साताऱ्याचं म्हणणं, संस्था सांगलीची आहे, तिथं विचारा.

“माणूस मेला तर मृत्यूचा दाखला मिळतो,” लालासाहेब म्हणाले. “संस्था मेली तर तो कुणी द्यायचा? आणि कर्ज फिटल्यावर गहाण आपोआप सुटावं, असा कायदा शासन करणार आहे काय?”

आरोग्यमंत्र्यांनी सहकारमंत्र्यांकडे पाहिलं, सहकारमंत्र्यांनी महसूलमंत्र्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे. शेवटी सहकारमंत्री उठले. कायद्याची बाब विचाराधीन आहे, असं सांगून त्यांनी दोन आश्वासनं दिली. अवसायक एका महिन्यात समक्ष स्थळपाहणी करतील, आणि बोजामुक्तीचे पत्र प्राप्त होताच आरोग्य खाते ताबा घेईल. लालासाहेबांचा स्वीय सहायक राजवर्धन वर गॅलरीत बसला होता. त्यानं ‘प्राप्त होताच’ हे दोन शब्द वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

राजवर्धन खूश झाला. लालासाहेब मात्र बाहेर आल्यावर बोटांवर दिवस मोजत होते. सरकारचा महिना त्यांच्या उपयोगाचा नव्हता. त्यांना हनुमान जयंतीच्या आत पत्र हवं होतं.

त्याला कारण त्यांची स्वतःची जीभ. पिंपळओढ्यात दर चैत्रात मारुतीच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसतो आणि हनुमान जयंतीला काल्याचं कीर्तन होऊन उठतो. काल्याचं कीर्तन वीस वर्षं लालासाहेबांचं. गेल्या वर्षी सप्ताहातच गावच्या नानासोंची नात सृष्टी अडली. उपकेंद्राला कुलूप, म्हणून तिला जीपमध्ये घालून वडूजला न्यायला निघाले, आणि करंजाच्या वळणावर जीपमध्येच पोरगं झालं. दोघंही सुखरूप राहिली. पोराला गाव आजही जीपराव म्हणतं. पण त्या दिवशी कीर्तनाला उभ्या राहिलेल्या लालासाहेबांना राहवलं नाही. वीणेवर हात ठेवून ते बोलून गेले की पुढच्या वर्षी उपकेंद्राचं कुलूप निघालेलं नसेल, तर हा लाला काल्याला उभा राहणार नाही. लोकांनी टाळ वाजवले. त्यांच्या पत्नी रंगूबाई बायकांच्या घोळक्यात डोक्याला हात लावून बसल्या.

घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “आवं, आसा पण करायच्या आधी मारुतीला तरी इचारायचं. त्येला तुमचं कीर्तन ऐकायचं आसंल तर?”

लालासाहेबांना पुढं वर्षभर ते बोलणं टोचत राहिलं. आमदारकी जाईल तेव्हा जावो, तिचं त्यांना फारसं काही वाटत नसे. पण काल्याच्या दिवशी दुसरा कुणी बुवा उभा आहे आणि आपण खाली सतरंजीवर बसलो आहोत, हे चित्र डोळ्यांपुढं आलं की त्यांना जेवण जात नसे.

सप्ताह बसला. एक दिवस गेला, तीन गेले, पाच गेले. अवसायकाचा पत्ता नाही. सहाव्या दिवशी सकाळी लालासाहेब न राहवून राजवर्धनला घेऊन साताऱ्याला कलेक्टर कचेरीत गेले, काही दुसरी वाट निघते का बघायला. आणि नेमक्या त्याच दिवशी, दुपारचे बारा वाजायला आले असताना, अवसायक इंद्रजितसाहेब पिंपळओढ्यात उतरले.

मुद्दाम न कळवताच आले. कळवलं की हार-तुरे येतात, मग जेवण येतं, मग आमदार येतात, आणि पाच मिनिटांच्या कामाला दिवस जातो, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. उपकेंद्र देवळाच्या समोरच होतं. त्यांनी गाडीतूनच त्याच्याकडे एक नजर टाकली आणि स्थळपाहणी झाल्याचं मनात धरलं. आता आलोच आहे तर मारुतीला नमस्कार करून निघू, म्हणून चपला काढल्या. अंगात पांढरा सदरा, पांढरी विजार. उन्हासाठी डोक्यावर पांढरी टोपी. दारातल्या बुक्क्याच्या वाटीतलं बोट त्यांनी श्रद्धेनं कपाळाला लावलं, आणि तिथंच घात झाला.

आत वीणेचा पहारा नानासोंचा होता. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दिवसरात्र, दोन-दोन तास. बारा ते दोनचा पहारा होता आष्ट्याच्या भजनी मंडळाचा. आष्ट्याचे पाहुणे यायचे म्हणून नानासो अकरापासून दाराकडे बघत होते. वय ऐंशीच्या घरात, एका डोळ्यात मोतीबिंदू, पोटात भूक, आणि मागच्या मांडवात पंगत बसलेली.

“आष्ट्याचं का?” त्यांनी विचारलं.

“हो, आष्ट्याच्या संस्थेच्या कामाला—” एवढंच इंद्रजितसाहेब बोलले.

नानासोंनी वीणा आपल्या गळ्यातून काढून त्यांच्या गळ्यात घातली, चिपळ्या हातात दिल्या आणि वाकून पायांना हात लावला. ऐंशी वर्षांचं माणूस पायाला हात लावतंय म्हटल्यावर इंद्रजितसाहेबही गडबडीनं वाकले. वीणा अशी रीतसर हवाली झाली. “लय बरं झालं, माउली,” असं म्हणून नानासो पंगतीला गेले. जेवून लिंबाखाली आडवे झाले.

इंद्रजितसाहेबांची आई मिरजेकडच्या एका खेड्यातली, नेमानं भजनाला जाणारी. वीणा खाली ठेवली तर काय होतं, हे तिनं त्यांना लहानपणी सांगितलं नव्हतं; पण ती ठेवायची नसते, एवढं सांगताना जो चेहरा केला होता, तो त्यांना पन्नास वर्षांनीही आठवत होता. त्यामुळं खाली ठेवायची सोय नव्हती. त्यांनी तार छेडली, रामकृष्णहरी म्हटलं आणि कुणी सोडवायला येतंय का, ते बघू लागले.

येणारे पुष्कळ होते. पण पिंपळओढ्यात एक रीत आहे. पाहुण्याच्या गळ्यातली वीणा, पहाऱ्याची वेळ उलटून गेली तरी, गावानं मागायची नाही. पंगतीत बसलेल्याच्या पुढचं ताट ओढण्यासारखं ते. जो येई तो कौतुकानं बघे, आष्टेकर उभे आहेत म्हणे, नमस्कार करी आणि साहेबांनी ‘घ्या’ म्हणायच्या आत सावलीला जाई. खरे आष्टेकर तिकडं पेठनाक्याजवळ पंक्चर झालेल्या गाडीभोवती उभे होते. साहेबांचा चालक महाप्रसाद घेऊन गाडीत झोपला होता. साहेबांचा फोन खिशात वाजत होता, पण एका हातात वीणा, दुसऱ्यात चिपळ्या.

एक म्हातारी दर्शनाला आली. साहेब चिपळ्या थांबवून हळूच म्हणाले, “आजी, मी मंडळातला नाही. मी अवसायक आहे.”

म्हातारीनं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. “आसू द्या बाबा,” ती म्हणाली, “द्येवाच्या दारात समदी सारखीच.” आणि तिनंही त्यांच्या पायाला हात लावला.

एक वाजता सोनिया सिस्टर आल्या. उपकेंद्राच्या परिचारिका म्हणून त्यांची तीन वर्षांपूर्वी नेमणूक झाली होती आणि केंद्राला कुलूप असल्यानं तीन वर्षं त्यांचा दवाखाना देवळाच्या सभामंडपात भरत होता. लसींचा थंड डबा मारुतीच्या पायांशी, वजनकाटा घंटेच्या साखळीला टांगलेला. बाळांना इथंच टोचत असल्यानं गावातल्या पोरांची एक पिढीच अशी निपजली होती की मारुतीचं तोंड दिसलं की भोकाड पसरायची. त्या दिवशी लसीकरणाचा वार. वीणेकऱ्यापासून चार हातांवर चौदा पोरं ओळीनं रडली. साहेब त्यांच्या वरच्या पट्टीत रामकृष्णहरी म्हणत राहिले. जीपरावानं तर आईच्या खांद्यावरून त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर दूध ओकलं. सिस्टरनी दिलगिरी व्यक्त करून ओल्या कापसानं ते पुसलं.

मग गरोदर बायका आल्या. त्यांना तपासायला आडोसा म्हणून दोघींनी लुगडं धरलं. साहेबांनी तोंड मारुतीकडे वळवलं. मारुती तर आधीपासूनच वर बघत होता. त्यानंतर शेताच्या बांधावरून पडलेला एक माणूस आला. सिस्टरनी त्याचा हात बांधला आणि एक्स-रेला वडूजला जायला सांगितलं. तो म्हणाला, एसटी उद्या सकाळी आहे. आणि तेवढा आडोशाचा वेळ सोडला तर सारा वेळ, सभामंडपाच्या कमानीतून बरोबर समोर, पिवळ्या रंगाची, हिरव्या दारांची, दोन खाटांची सोय असलेली इमारत उन्हात उभी होती. इकडं तिकडं बघायची सोय नव्हती. वीणेकऱ्यानं समोर बघायचं असतं.

चार वाजून गेल्यावर लालासाहेब साताऱ्याहून हात हलवत परत आले. देवळात शिरताच राजवर्धन थबकला. सांगलीला पाच हेलपाटे घातलेला माणूस तो, साहेबांचा चेहरा त्याच्या स्वप्नातही यायचा. त्यानं लालासाहेबांना खांबाआड ओढलं.

“महाराज, तो अवसायक आहे. वीणा त्याच्या गळ्यात आहे. आता तुम्ही सोडवायला जाऊ नका. मी कागद टाइप करून आणतो, शिक्का त्याच्या गाडीतच असणार. सही करतो म्हणाला की वीणा घ्या.”

लालासाहेबांनी बघितलं. साहेबांचे पाय सुजून चपलांच्या वळांसकट तट्ट फुगले होते. टोपी ओली झाली होती. आवाज बसला होता, पण तार थांबलेली नव्हती. उद्या सकाळी काला. सहा वर्षांचं कुलूप आणि स्वतःचा पण, दोन्ही समोरच्या एका गळ्यात अडकलेले. नुसतं थोडं थांबायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. कुणी विचारलं असतं तर गावची रीत होतीच.

खांबाला टेकून ते श्वासभर थांबले. मग मारुतीकडे बघून त्यांना भयंकर लाज वाटली.

“राजवर्धन,” ते म्हणाले, “कर्ज फिटलं तरी गहाण सोडत न्हाईत म्हणून मी मुंबईत आरडून आलो. आन् इथं द्येवाच्या दारात मीच माणूस गहाण ठेवून घ्यू व्हय रं?”

ते पुढं गेले. रीत अशी की पाहुण्याची वीणा मागायची नाही. म्हणून लालासाहेबांनी मागितली नाही. ते साहेबांच्या पुढं गुडघ्यावर बसले, त्यांच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि मान वाकवून तसेच थांबले. साहेबांना अर्थ कळायला वेळ लागला नाही. त्यांनी वीणा काढली आणि लालासाहेबांच्या गळ्यात घातली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

साहेब खाली बसले. पाणी प्यायले. आता ते उठून गाडीत बसतील आणि सांगलीत जाऊन गावावर तक्रार ठोकतील, असं राजवर्धनला वाटलं. लालासाहेबांनी तर आशा सोडलीच होती. डोळे मिटून ते वीणा छेडत होते आणि उद्या काल्याला कुठल्या बुवांना बोलवावं, त्यांची नावं मनात घोळवत होते.

“आमदारसाहेब,” इंद्रजितसाहेबांचा बसलेला आवाज आला, “हे पत्र द्यायचा अधिकार पहिल्यापासून माझाच होता.”

लालासाहेबांनी डोळे उघडले. तार मात्र चालू ठेवली.

“प्रत्येक वेळी वाटायचं, साताऱ्याकडे पाठवू, तिथून कुणीतरी घेईल. चार तास बघत उभा होतो मी, कुणीतरी घेईल म्हणून.” त्यांनी कपाळ पुसलं. बुक्का सगळा भुवईवर आला. “त्या दादासोंचा कर्ज फिटल्याचा दाखला आहे का कुणाजवळ?”

नानासोंना उठवून आणलं. दादासो त्यांचे सख्खे थोरले भाऊ. दाखला देव्हाऱ्यातच होता, हळदी-कुंकवानं माखलेला. नानासो तो घेऊन आले आणि आष्ट्याच्या पाहुण्याला त्यांनी बजावलं की एवढा चांगला पहारा गावात आजवर कुणी दिलेला नाही, पुढच्या वर्षीही यायचं. साहेबांनी गाडीतून रजिस्टर आणि शिक्का मागवला. नोंद जुळली. दानपेटीवर कागद ठेवून त्यांनी बोजा कमी करण्याचं पत्र स्वतःच्या हातानं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. खाली स्थळपाहणीच्या अहवालात कालावधीचा रकाना होता. तीस वर्षं ते तिथं ‘पंधरा मिनिटे’ लिहीत आले होते. या वेळी त्यांनी घड्याळाकडे बघून लिहिलं, ‘चार तास दहा मिनिटे’.

राजवर्धननं पत्राचा फोटो तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवला आणि फोन लावला. तिकडून ताब्यासाठी समिती, पंचनामा, सोमवार असे शब्द येऊ लागले. राजवर्धननं वही उघडली आणि सभागृहातलं आश्वासन वाचून दाखवलं. ‘प्राप्त होताच’ हे दोन शब्द त्यानं दोनदा वाचले. मग पलीकडून, सिस्टरना ताबा घ्यायला सांगा, असा निरोप आला.

आता कुलपाची किल्ली कुठं आहे, यावर खल सुरू झाला. कुणी म्हणे ठेकेदाराकडे, कुणी म्हणे पंचायत समितीत. एकजण कुदळ आणायला निघाला. तेवढ्यात सोनिया सिस्टरनी पर्स उघडून किल्ली काढली. नेमणुकीच्या दिवशीच ती त्यांच्या ताब्यात दिली होती.

“तीन वर्षं किल्ली तुमच्यापाशी व्हती?” रंगूबाईंनी विचारलं.

“हो. किल्लीचा ताबा होता, काकू. इमारतीचा नव्हता.”

कुलूप काढायला सगळं गाव गेलं. देवळात राहिले एकटे लालासाहेब, कारण वीणा त्यांच्या गळ्यात आणि आष्टेकरांचा अजून पत्ता नाही. वर्षभर ज्या कुलपासाठी जीव टांगणीला लागला होता, ते निघताना त्यांना दिसलंच नाही. कमानीत गर्दीच्या पाठी तेवढ्या होत्या. नुसता आवाज आला. आधी कडीचा, मग कुजल्या दाराचा, आणि मग जीपरावाच्या रडण्याचा. त्याला वाटलं, अजून एक सुई. लालासाहेबांचे डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

सिस्टरनी नवं रजिस्टर काढलं आणि पहिल्या ओळीत पहिला रुग्ण लिहिला. नाव, इंद्रजितसाहेब. गाव, सांगली. तक्रार, पाय भरून येणे. त्यांना खाटेवर आडवं करून पायांखाली दोन उशा दिल्या आणि रक्तदाब घेतला. तो थोडा वाढलेला निघाला. रात्रभर विश्रांती घ्या, म्हणून सिस्टरनी त्यांना जाऊ दिलं नाही. त्यांना जायचं होतं, असंही नाही.

दुसऱ्या दिवशी काला झाला. लालासाहेब खांद्यावर खरंखुरं उपरणं घेऊन उभे राहिले. टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी, सुजलेले पाय पुढं पसरून, इंद्रजितसाहेब बसले होते. उशिरा का होईना पोचलेले आष्टेकर त्यांच्याकडे जरा संशयानं बघत होते. आपल्या मंडळाच्या नावावर हा कोण उभा राहिला होता, ते त्यांना अजून उमगलेलं नव्हतं. दधीचींची मुंबईत अर्धी राहिलेली कथा लालासाहेबांनी इथं पूर्ण केली. घंटी वाजवायला कुणी नव्हतं. गोपाळकाल्याच्या अभंगापर्यंत आले तेव्हा मांडव असा रंगला होता की त्यांचा हात आपोआप शेजारच्या वीणेकडे गेला.

“एक कुलूप निघालं,” ते म्हणाले, “पण कायदा अजून इचाराधीन हाय. अशी कुलपं गावोगाव असतील. म्हणून या वीणेवर हात ठेवून मी आज सांगतो, की जवर ह्यो कायदा—”

बायकांच्या घोळक्यातून रंगूबाई उठून उभ्या राहिल्या. कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

लालासाहेबांनी वीणेवरचा हात हळूच काढून घेतला.

“—जवर ह्यो कायदा हुत न्हाई, तवर मी सभागृहात इचारत ऱ्हाईन,” ते म्हणाले, आणि काठी उचलून दहीहंडीकडे वळले.